कसारा घाट आणि ओले फडके: मुंबईच्या फियाटमधील किरकोळ दोषांचा इतिहास

१/
भिवंडीजवळच्या वडपे गावाचे नाव रस्तेबांधणीच्या कागदपत्रांत वारंवार भेटते. मुंबई-नाशिक महामार्गाचे ‘माजिवडे ते वडपे’ आणि ‘वडपे ते गोंदे’ हे टप्पे याच नावाने ओळखले जातात. वडप्याच्या पुढे पडघा, शहापूर आणि मग कसारा घाट. मुंबईत बनलेल्या एका मोटारीच्या बारीकसारीक खोडी या चढावर उघड्या पडत. आजचा थ्रेड त्या खोडींविषयी आणि त्या इतकी वर्षे का टिकल्या याविषयी.

२/
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला होता. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लरशी सहकार्य झाले, पुढे इटलीच्या फियाटशी. इटलीत १९५३ मध्ये अवतरलेली फियाट ११०० अशा रीतीने १९५० च्या दशकात मुंबईकर झाली.

३/
पहिली खोड दारांची. या सुरुवातीच्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, म्हणजे दार कपाटासारखे उलटे उघडे. आत शिरणे सोयीचे; पण धावत्या गाडीत कडी सैल पडली, तर वारा दार मिटवण्याऐवजी उघडून टाकणार. नंतरच्या ‘डिलाइट’मध्ये बिजागऱ्या पुढे आल्या आणि ही खोड संपली.

४/
दुसरी खोड गिअरची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला होता. त्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे ठेवता आले आणि चालकाशेजारी दोघे बसू शकले. टॅक्सीला हे फायद्याचेच. मात्र दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे यांची लांब साखळी होती. सांधे झिजले की गिअर अचूक पडत नसे, कधी दोन गिअरच्या मध्येच अडकत असे. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चढावर वेग मंदावला की चालत्या गाडीत तो टाकताना खरखराट ठरलेला.

५/
तिसरी खोड घाटातली. इंजिनाला पेट्रोल पोहोचवणारा छोटा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. खालच्या गिअरमध्ये संथ चढताना इंजिन तापते आणि त्याला वारा कमी मिळतो. मग पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. वाफ नुसती दबते, पुढे सरकत नाही. इंजिन उपाशी राहून बंद पडते. याचे तांत्रिक नाव व्हेपर लॉक.

६/
उपाय सर्वांना ठाऊक होता. गाडी कडेला घ्यायची, बोनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थांबायचे. पाण्याचा डबा आणि फडके हे घाटाच्या प्रवासाचे सामानच होऊन बसले. कारखान्यात न सुटलेला प्रश्न रस्त्याच्या कडेला, रोज नव्याने, हाताने सोडवला जात होता.

७/
इटलीत ११०० डी या प्रकाराचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले. आपल्याकडे तीच गाडी पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने जवळपास शतक संपेपर्यंत बनत राहिली. नाव बदलले, मूळ आराखडा राहिला. हे अभियंत्यांचे अज्ञान होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल.

८/
१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ सुटे भाग जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे भवितव्य उरले नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जुळणी बंद केली. आयातीवर कडक निर्बंध होते. उत्पादनासाठी परवाना लागे. ग्राहकाला पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रांगेत उभा असलेला ग्राहक गिअर अडकतो म्हणून गाडी नाकारत नाही.

९/
तक्रारी मात्र होत्याच. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. दुसरीकडे किमतीही सरकारच ठरवत होते. १९६९ च्या किंमत-आदेशाविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. साचे बदलायला भांडवल आणि परकीय चलन हवे, आणि तो खर्च किमतीतून वसूल होण्याची हमी नाही. दोष सुधारणे कोणाच्याच हिशेबात बसत नव्हते.

१०/
मग किंमत कोणी मोजली? चालकाने, क्लीनरने आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकने. वेळ, घाम आणि बुडालेली भाडी या रूपांत. त्याच गाडीच्या साध्या रचनेमुळे त्यांना ती दुरुस्त करता आली, हेही खरे. परंतु त्यांची ही विद्या कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही. उद्योगाचा इतिहास लिहिताना करार आणि परवाने सापडतात. ओले फडके सापडत नाही.

११/
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ग्राहकाला प्रथमच खरा पर्याय मिळाला. ज्या खोडी तोवर नशिबाचा भाग वाटत होत्या, त्या एकाएकी दोष ठरल्या. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

१२/
वडप्याजवळच्या आमणे येथपर्यंत जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पोहोचला. आजच्या गाड्या घाटात वाफेने अडत नाहीत, पण वातानुकूलन कमी करायलाही पडद्यावर बोटे फिरवावी लागतात आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. तेव्हा गैरसोय वापरणाऱ्याच्या माथी होती, आताही तिथेच आहे. मोटारीतला किरकोळ दोष किती वर्षे जगतो, हे त्याच्या आकारावर ठरत नाही. त्याचा भुर्दंड बनवणाऱ्यावर पडतो की चालवणाऱ्यावर, यावर ठरते.