शंटिंग डीझेल एंजिने

रेल्वेच्या गाडीतळावर वाघिणी व डबे हलवून गाड्यांची जुळणी वा विभागणी करणारी डीझेल एंजिने. मंद गतीत भारी ओढ आणि दिशा वारंवार बदलण्याची सोय ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. पुण्याच्या मंडईसारख्या (स्थापना १८८६) बाजारापर्यंत लोहमार्ग नसे; रेल्वेने आलेल्या मालाच्या वाघिणी वेगळ्या काढून स्थानकाच्या धक्क्याला लावण्याचे काम शंटिंग एंजिनच करी. या कामात बराच वेळ वाट पाहण्यात जातो. तेवढा वेळही बाष्प एंजिन पेटते ठेवावे लागे, त्यामुळे डीझेलचा फायदा येथे लवकर पटला.

भारतात १९४४-४५ च्या सुमारास अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची १५ एंजिने आली. त्यांना पुढे डब्ल्यूडीएस-१ हे नाव मिळाले. मुख्य मार्गांवरील डब्ल्यूडीएम-१ एंजिने त्यानंतर सु. १२ वर्षांनी आली. मध्य रेल्वेने १९५० नंतरच्या दशकात जर्मनीच्या क्राउस-माफाय कंपनीची डब्ल्यूडीएस-२ एंजिने कुर्ला येथे वापरली. मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झालेले असले, तरी प्रत्येक बगलमार्गावर तारा ताणणे परवडणारे नव्हते.

चित्तरंजन येथील कारखान्यात १९६८ पासून १९९३-९४ पर्यंत ८४२ डीझेल एंजिने तयार झाली. त्यांतील बहुसंख्य डब्ल्यूडीएस-४ मालिकेतील होती. या एंजिनाचे तीन आस बाजूच्या दांड्यांनी जोडलेले असत. त्याचे द्रवीय प्रेषण भारतीय अभियंते मनमोहन सुरी यांच्या संशोधनावर आधारलेले होते : कमी वेगात तेलाच्या प्रवाहातून, तर अधिक वेगात थेट जोडणीतून शक्ती चाकांकडे जाते. ही प्रेषणे पुण्याजवळ हडपसर येथे किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीतही तयार झाली. या एंजिनांच्या इतिहासात पुण्याचा खरा वाटा हाच म्हणावा लागेल.

जतनाच्या बाबतीत ही एंजिने उपेक्षित राहिली आहेत. नवी दिल्लीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात (१९७७) प्रेक्षकांचे लक्ष मुख्यतः बाष्प एंजिनांकडे जाते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले, परंतु तेथे प्रतिकृतीच पाहावयास मिळतात. बाष्प एंजिनाचे दट्ट्ये व दांडे उघड्यावर असल्याने ते थंड असतानाही बोलके वाटते. डीझेलचे मर्म मात्र आवरणाखाली दडलेले असते. सुटे भाग इतर एंजिनांसाठी काढून घेतल्यावर नुसता रंगविलेला सांगाडा चौथऱ्यावर उभा केला, तर सुरी प्रेषणासारखा महत्त्वाचा भाग नाहीसा होतो. चालू स्थितीत ठेवावयाचे तर रबरी बंधने, तेलनळ्या व शीतक यांची नियमित देखभाल, तसेच मूळ आरेखनेही हवीत. एंजिन भंगारात काढताना प्रथम नष्ट होतात ती हीच कागदपत्रे.