तिरंगी झगा शिवणारा ट्युनिशियन

सप्टेंबर २०१३ मध्ये पॅरिस शहराचं गालिएरा हे पोशाखांचं संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं. पहिलं प्रदर्शन मांडलं गेलं ते अझेदिन अलायाचं. मूळ अरबी नाव इज्ज-उद-दीन. फ्रेंच उच्चारात त्याचं अझेदिन झालं. काही पोशाख समोरच्या आधुनिक कला संग्रहालयात, मातिसच्या भव्य नर्तकचित्रांसमोर ठेवले होते. ही जागा मला योग्य वाटते. अलाया मुळात शिल्पकलेचा विद्यार्थी. ट्युनिसच्या कलाशाळेत तो मूर्ती घडवायला शिकला आणि पुढे आयुष्यभर कापडातून तेच करत राहिला. शरीराभोवती नागमोडी फिरणारी झिप घेऊन त्याने अख्खा ड्रेस उभा केला. कापायचं आणि शिवायचं कामही तो स्वतःच करी, बहुधा रात्री.

ट्युनिशिया १९५६ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास हा तरुण पॅरिसला आला. दिओरकडे काम मिळालं, पण टिकलं पाच दिवस. शेजारच्या अल्जीरियात युद्ध पेटलेलं, उत्तर आफ्रिकी माणसाकडे पॅरिस संशयाने बघत होतं, आणि याची कागदपत्रं पुरी नव्हती. मग एका सरदार घराण्यातल्या बाईंच्या घरी मुलं सांभाळत तो कपडे शिवू लागला. त्याच्या मोठेपणाच्या गोष्टीत हा भाग बहुतेकदा गमतीदार किस्सा म्हणून येतो. कागदांसाठी रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही त्यात गंमत दिसणार नाही.

१४ जुलै १९८९. फ्रेंच राज्यक्रांतीची दोनशे वर्षं. कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका जेसी नॉर्मन हिने पॅरिसच्या भर चौकात फ्रान्सचं राष्ट्रगीत गायलं. अंगावर निळा-पांढरा-लाल असा प्रचंड झगा, जणू ध्वजच पांघरलेला. कल्पना जाँ-पॉल गूद यांची, शिवणारा हात अलायाचा.

त्याच वर्षी शरद ऋतूत पॅरिसजवळच्या क्रेय गावात तीन मुस्लिम मुलींना डोक्यावरचा रुमाल काढला नाही म्हणून शाळेतून काढलं गेलं. वाद पेटला तो पेटलाच. २००४ मध्ये कायदाच आला, सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं नकोत. आणि अलायाचे डोकं झाकणारे, हुडवाले पोशाख? ते याच ऐंशीच्या दशकात गाजले, ग्रेस जोन्सने मिरवले, आणि पुढे त्याचे कपडे सन्मानाने संग्रहालयात गेले. दोन्हीकडे झाकलेलं डोकं. पण एक फॅशन ठरलं, दुसरं देशापुढचा प्रश्न! अलायाने यावर बोलायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. शिंप्याकडून जाहीरनाम्याची अपेक्षा कशाला करायची? पण जो देश त्याचे टाके काचेआड जपतो, त्याला हा प्रश्न विचारता येतो.

सरकारने देऊ केलेला लेजियाँ द ऑनर हा किताब त्याने घेतला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिसमध्ये तो गेला. लंडनच्या डिझाइन म्युझियममधल्या प्रदर्शनाची तयारी तेव्हा चालू होती. ते मे २०१८ मध्ये त्याच्याविना उघडलं. दफन मात्र पॅरिसमध्ये झालं नाही. ट्युनिसजवळ, समुद्रावरच्या सिदी बू सईद गावात त्याची कबर आहे.