ग्राफिक्सच्या पेज टेबलाचं घराणं

पेज टेबलाची, म्हणजे प्रोग्रामचा पत्ता मेमरीतल्या खऱ्या जागेशी जोडणाऱ्या तक्त्याची, वंशावळ सांगायला बसलं की सगळे मँचेस्टर गाठतात. १९६२ चा ॲटलस संगणक, टॉम किलबर्न, ५१२ शब्दांचं एकेक पान. प्रोसेसरपुरतं ते बरोबरच आहे. पण ग्राफिक्स ड्रायव्हर ज्या पेज टेबलांसाठी सतत मेमरी मागतो, त्यांचं कूळ वेगळं दिसतं, आणि त्याचा एक धागा चक्क गायकवाडांच्या बडोद्याला पोचतो.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये यूएसबी आणि एजीपीच्या जनकांत गणले जातात. एजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डाची जोडणी; तिचं पहिलं मानक १९९६ चं. हेतू उघड काटकसरीचा: कार्डावर महागडी मेमरी कशाला, टेक्श्चर मुख्य मेमरीतच ठेवा. पण तिथे सलग जागा मिळणं मुश्कील. चार-चार केबीची पानं इकडेतिकडे विखुरलेली. ती कार्डाला सलग दिसावीत म्हणून चिपसेटसाठी 'गार्ट' नावाचा तक्ता आला. ६४ एमबीच्या खिडकीला १६,३८४ नोंदी. नोंद चार बाइटची धरली तर तक्ता अवघा ६४ केबी. सुरुवातीलाच तेवढी मेमरी बाजूला काढली की पुढे मागणीचा प्रश्नच नाही.

ॲटलसवाले म्हणतील, पत्ता बदलून देणं दोन्हीकडे सारखंच. मान्य, पण वागणूक बघा. ॲटलसमध्ये पान जागेवर नसलं तर काम थांबे, पान ड्रमवरून येई, काम पुढे चाले. गार्टला ही चैन नव्हती. नोंद आधीच भरलेली हवी. आजही बरेचसे ग्राफिक्स ड्रायव्हर याच शिस्तीत चालतात.

पुढे प्रत्येक प्रोग्रामला ४८ बिटांच्या पत्त्यांचा स्वतंत्र पसारा मिळाला. आठ बाइटच्या नोंदींचा सलग तक्ता केला, तर तो एकटाच ५१२ जीबी खाईल! म्हणून चार पातळ्यांचं झाड आलं. तळाच्या पानात ५१२ नोंदी, त्या २ एमबी सांभाळतात. नवं पान लागेल तसं मागायचं.

खरी मेख इथेच. काम रांगेत लागल्यावर ड्रायव्हरनं मेमरी मागितली आणि ती संपलेली असली, तर कर्नल जागा मोकळी करण्यासाठी ग्राफिक्सचंच काम संपायची वाट बघू शकतो. ते काम तर मेमरीसाठीच खोळंबलेलं! दोघंही कायमचे अडकतात.

२०२४ मध्ये लिनक्स ६.१० सोबत आलेला, नव्या माली चिपांचा 'पँथॉर' ड्रायव्हर त्यावर जुनाच तोडगा वापरतो: जास्तीत जास्त किती पानं लागतील ते आधी मोजून ठेवायचं, तेवढी घ्यायची आणि उरलेली परत करायची. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गार्ट होता, असा पुरावा नाही. पण मेमरीच्या या हिशेबात तो ॲटलसपेक्षा गार्टचाच जवळचा नातेवाईक ठरतो.