झिजण्यासाठीच केलेला भाग : जीप, बुश आणि दुरुस्तीचा इतिहास

मराठीत उद्योगाचा जो इतिहास लिहिला गेला, तो मुख्यतः उभारणीचा इतिहास आहे. शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेल्या लक्ष्मणरावांच्या चरित्राचे नावच ‘यांत्रिकाची यात्रा’ असे आहे, आणि ही यात्रा बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापर्यंतची आहे. लोखंडी नांगर कधी निघाला, ओतशाळा कधी पेटली, पहिली गाडी कोणत्या साली फाटकाबाहेर पडली, ह्याची नोंद आपल्याकडे होते. ती गाडी पुढे तीस-चाळीस वर्षे चालती कोणी ठेवली, कोणत्या झाडाखाली, कोणत्या हत्यारांनी, ह्याविषयी मात्र आपले वाङ्मय जवळजवळ मौन बाळगते. वस्तूचे आयुष्य जन्माच्या दाखल्याने संपल्यासारखे आपण वागतो. प्रस्तुत लेखात आम्ही जीपसारख्या चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा महाराष्ट्रातील इतिहास तिच्या एका अत्यंत क्षुल्लक भागाच्या बाजूने पाहू इच्छितो. हा भाग म्हणजे बुश.

शब्दापासून आरंभ करू. इंग्रजीतील ‘बुश’ म्हणजे झुडूप असे आपण शाळेत शिकतो, पण यंत्रातला बुश वेगळा. तो डच भाषेतून आला आणि त्याचे मूळ ‘पेटी’ किंवा ‘डबी’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे. एक भाग दुसऱ्यात फिरतो वा हलतो तेथे दोहोंच्या मध्ये बसवलेली ही डबी. मधली डबी झिजते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचे महागाचे भाग वाचतात. यंत्रात काही भाग टिकण्यासाठी असतात आणि काही झिजण्यासाठी. बुश दुसऱ्या वर्गातला. ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात आसाभोवती लोखंडी नळी बसवली जाई, आणि गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. वंगण संपले की चाक ओरडू लागे व ते अर्ध्या कोसावरून ऐकू येई. गाडीवान स्वतःच उतरून वंगण घाली. गाडी चालवणारा आणि गाडी राखणारा ही दोन माणसे तेव्हा नव्हती.

जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या वाटेने. अमेरिकी सैन्यासाठी १९४० साली तिचा आराखडा झाला आणि १९४१ पासून विलिस कंपनीची ‘एमबी’ मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. युद्ध संपले त्या वर्षी, १९४५ मध्ये, महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा शब्दही ‘महिंद्र’ झाला. त्याच सुमारास मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीप उभ्या राहू लागल्या. १९५२ मध्ये समुदाय विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि जीप हे सरकारचे रूप झाले. गावाच्या वेशीवर धुरळा उठला की साहेब आले असे समजावे, आणि निवडणुकीत तोच धुरळा पुढाऱ्याचा असे. ग्रामीण बोलीत तिचे ‘जीपडं’ झाले. ह्या नपुंसकलिंगात थोडी कुचेष्टा आहे आणि थोडी मायाही.

ह्या जुन्या जीपची बांधणी पाहण्यासारखी आहे. तिच्या दोन्ही आसांवर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. कमानीचे एक टोक चौकटीला खिळलेले, तर दुसरे शॅकल नावाच्या दुव्यावर झुलते, कारण भार पडला की कमान सपाट होते आणि लांबीने वाढते. विलिसच्या जीपमध्ये हे शॅकल इंग्रजी ‘यू’ आकाराचे होते. त्यांच्या दोन्ही पायांवर आटे पाडलेले असत आणि ते धातूच्या आटेदार बुशमध्ये फिरत. काही शॅकलना उलटे आटे असत व ते ओळखता यावेत म्हणून त्यांवर एक बारीकसा उंचवटा ठेवलेला असे. ज्याला हा उंचवटा ठाऊक नाही तो पाना लावून जन्मभर उलट्या दिशेने जोर करीत राहणार. ह्या आट्यांत दर हजार मैलांनी ग्रीस भरण्याची सूचना असे. म्हणजे बैलगाडीच्या वंगणाचीच ही पुढची पायरी : जी गाडी चालवते ती व्यक्ती नियमाने तिच्याखाली शिरलीच पाहिजे, असा अलिखित करार त्या धातूच्या बुशमध्ये होता. अमेरिकेत ‘सीजे-३बी’ ह्या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे त्याच ठेवणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर ग्रीसची पिचकारीही सरकारी गॅरेजांतून राहिली.

हा करार रबराने मोडला. लेओं थिरी ह्या अभियंत्याने १९२० च्या दशकात जो बुश रूढ केला त्यात बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी, आणि दोहोंमध्ये दाबून बसवलेले रबर अशी रचना होती. त्याच्या ‘सिलांब्लॉक’ ह्या व्यापारी नावाचा आपल्या रिक्षा आणि स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘सायलेंट ब्लॉक’ झाला. आतली नळी बोल्टने घट्ट आवळलेली असते. ती घसरत नाही, फिरत नाही. जी काही हालचाल व्हायची ती रबराच्या पिळात होते. धातू धातूवर घासत नाही म्हणून ग्रीस नको, आवाज नको, गाडीखाली शिरणेही नको. भारतात १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत चारही चाकांना पाट्यांच्याच कमानी होत्या, पण कमानीच्या डोळ्यांत रबर होते. सोय झाली, ह्यात शंका नाही. मात्र धातूचा बुश ओरडून सांगे, रबराचा बुश मुकाट्याने मरतो. त्याला भेगा पडतात, तो एका बाजूने पातळ होतो, आतली नळी मध्यावरून सरकते. चालकाला एवढेच जाणवते की गाडी सरळ रस्त्यावर उगाचच एका अंगाला ओढते आहे किंवा ब्रेक लावताच कुठूनतरी ‘ठक्’ आवाज येतो आहे. जे शांतपणे बिघडते ते तज्ज्ञाच्या स्वाधीन होते. चालवणारा आणि राखणारा वेगळे झाले ते येथे, असे आमचे मत आहे.

तरी महाराष्ट्रात ही फारकत पूर्ण झाली नाही, आणि ह्याचे श्रेय ‘वडाप’ला द्यावे लागेल. पश्चिम महाराष्ट्रात माणसे भरून धावणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. मराठवाड्यात तिचीच बहीण ‘काळी-पिवळी’. दहा जणांच्या गाडीत अठरा-वीस, टपावर दोघे, मागच्या फळीवर लोंबकळणारे निराळे. असा भार कोणत्याही आराखड्यात नव्हता. पाटे तुटत, बुश तर काही महिन्यांत चपटे होत. तालुक्याच्या स्टँडशेजारी, वडाच्या पारावर, दोन दगडांवर गाडी चढवून तासाभरात बुश बदलून देणारे मिस्त्री ह्या गरजेतून तयार झाले. त्यांची भाषा कोणत्याही परिभाषा कोशात सापडणार नाही. पाटा, कमान, आटे, पाना, शेगडा, हे जुने शब्द आणि बुश, शॅकल, यू-बोल्ट हे नवे एकाच वाक्यात नांदतात. ‘सस्पेन्शन’ला ‘निलंबन’ हा प्रतिशब्द सुचवला तर हा मिस्त्री विचारील, कोणत्या साहेबाला घरी बसवले? आम्ही मराठी शिकवणारे लोक. प्रतिशब्दांचे शत्रू नाही. परंतु ज्या शब्दाला हाताचा मळ लागलेला नाही तो शब्द कामाला येत नाही, हे ह्या क्षेत्रात फार लवकर कळते.

आता महापे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने आगरी-कोळ्यांच्या गावांची जमीन औद्योगिक वसाहतीकडे गेली. महापे हे त्यांतलेच एक गाव. एका अंगाला पारसिकच्या डोंगराची रांग, तिच्यात दगडाच्या खाणी; दुसऱ्या अंगाला शिळफाट्याकडून येणारा रस्ता. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून मोठमोठे ट्रेलर ह्या रस्त्याने येऊ-जाऊ लागले. भातशेती गेल्यावर गावातल्या अनेकांनी वाहतुकीचा धंदा धरला. डंपर, टँकर, जीप ह्यांच्या पाट्यांचे आणि बुशांचे काम करणाऱ्या टपऱ्या ह्या मिश्रणातून उगवल्या. पुढे त्याच वसाहतीत इलेक्ट्रॉनिक झोन आला, मिलेनियम बिझनेस पार्क आला, काचेच्या इमारती आल्या. संगणकाची संकेतावली आणि कमानीचा पाटा ह्यांच्यात आज येथे एका रस्त्याचे अंतर आहे. महाप्याचे वर्णन करायचे तर वृत्तपत्रे पहिल्याचे करतात; दुसऱ्याचे करीत नाहीत.

आमच्यापैकी एकाकडे जुनी जिप्सी आहे. तिचे बुश गेले तेव्हा एका गॅरेजने बुश नुसते मिळत नाहीत, कमानीच बदला, असे सांगितले आणि आकडाही सांगितला. बुश कुर्ल्याच्या बाजारात सहज मिळाले. मग दोन रविवार लावून हे काम आम्ही वसाहतीच्या वाहनतळात केले. त्याचा तपशील देतो, कारण असा तपशील मराठीत छापलेला आम्हांला क्वचितच दिसला आहे.

चौकटीखाली लोखंडी घोड्या देऊन गाडी उचलायची, चाक काढायचे, आणि आसाखाली दुसरा जॅक ठेवून त्याचा भार तोलून धरायचा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडलेले बरे. शॅकलच्या टोकाचे रबर दोन अर्ध्यांचे असेल तर बोल्ट निघताच ते टॉमीने उचकटून हाताने काढता येते. पोलादी नळीचा बुश मात्र कमानीच्या डोळ्यात वर्षानुवर्षांच्या गंजाने धरलेला असतो. टपरीवर तो जाळून काढतात. काळा धूर निघतो, आणि वाहनतळात ते करणे शहाणपणाचे नाही. आम्ही रबर कापून काढले, मग बाहेरच्या नळीच्या आतून करवतीच्या पात्याने एक खाच पाडली. खाच आरपार होताच नळीची पकड सुटते. पाते थोडे जास्त गेले तर कमानीचा डोळाच कापला जाईल, म्हणून हे घाईचे काम नव्हे. नवा बुश लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट ह्यांच्या साहाय्याने हळूहळू आत ओढून घेता येतो. त्याला साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस नको. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. वंगणाची जुनी सवय येथे घातक ठरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते. बोल्ट हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाक लावून गाडी जमिनीवर उतरवायची, तिच्या स्वतःच्या वजनाने कमान बसू द्यायची, आणि मगच अखेरचा जोर द्यायचा. कारण आतली नळी ज्या स्थितीत आवळली जाते ती रबराची विश्रांतीची स्थिती होते. गाडी उचललेली असताना आवळले तर जमिनीवर उभी असतानाही रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. उत्पादकांच्या इंग्रजी पुस्तिकांत ही सूचना एका ओळीत असते. ती आम्हांला सांगितली शिळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रींनी, आणि तेही कमानीवर हात ठेवून : “आधी तिला उभी राहू द्या सर, मग आवळा.” ती इंग्रजी ओळ त्यांनी वाचलेली नव्हती. त्यांच्या गुरूनेही वाचलेली नसावी. फाटलेले बुश पाहून पाहून कोणीतरी हा नियम काढला आणि तो तोंडी चालत आला. मौखिक परंपरेवर आपण इतके प्रबंध लिहितो. ओवी आणि लोककथा ह्यांच्या पलीकडे ती परंपरा किती पसरली आहे, ह्याचा शोध घ्यायला आपल्या विद्यार्थ्यांना कोणी पाठवत नाही.

काढलेले जुने बुश आम्ही त्याच मिस्त्रींना नेऊन दाखवले. रबर उभ्या दिशेने दबले असेल तर भार, आडव्या दिशेने फाटले असेल तर खड्डे आणि ब्रेक, असे त्यांचे वाचन. आमच्या बुशांत आतली नळी आडवी सरकली होती, आणि डावीकडची उजवीपेक्षा अधिक. डावे चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेने जाते. “ही ओझ्याला जुंपलेली गाडी नाही,” ते म्हणाले, “पण खाणीच्या रस्त्याला बरीच चाललीय.” गाडीच्या नोंदणी पुस्तकात आधीच्या दोन मालकांची नावे आणि पत्ते आहेत. ती कोठे चालली, ह्याविषयी त्यात काही नाही.