वाफेच्या गिरणीपासून ऑईल इंजिनापर्यंत : सोलापूरच्या संदर्भात गॅस्केटच्या उष्णतारोधक पदार्थाची निवड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापड गिरण्या, कामगार चळवळ आणि १९३० चा मार्शल लॉ या विषयांभोवती झालेले दिसते. गिरण्या ज्या यंत्रांच्या बळावर चालल्या त्यांच्या लहान भागांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. गॅस्केट हा असाच एक भाग होय. यंत्राच्या दोन भागांच्या सांध्यातून वाफ, तेल, पाणी वा ज्वलनवायू बाहेर पडू नये म्हणून बसवलेला हा पातळ थर. गॅरेजमध्ये त्याला ‘पॅकिंग’ म्हणतात.

उद्दिष्टे :

१) गॅस्केटसाठी वापरलेल्या पदार्थांत झालेल्या बदलांची कारणे तपासणे.
२) या निवडीत कामगाराच्या आरोग्याला कोणते स्थान होते, हे पाहणे.

वाफेचे युग :

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू व लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या. जिल्ह्यात १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेची वाफेची इंजिने धावू लागली. बॉयलर आला की वाफेचे नळ आले आणि नळ आले की सांधेही आले. सुरुवातीच्या वाफयंत्रांत चरबीत भिजवलेली सुताची वा अंबाडीसारख्या तंतूंची दोरी, तसेच शेंदूर व जवसाच्या तेलाचा लेप वापरण्याची पद्धत होती. परंतु चौरस इंचाला १०० पौंड दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअस असते. दाब वाढत गेला तसतसे सूत करपून ठिसूळ होऊ लागले. ज्या धाग्यावर सोलापूर जगत होते, तो धागा वाढत्या उष्णतेपुढे टिकत नव्हता.

अ‍ॅस्बेस्टॉसचा स्वीकार :

ही अडचण अ‍ॅस्बेस्टॉसने दूर केली. हे खनिज असूनही त्याचे तंतू कापसाप्रमाणे पिंजता, कातता व विणता येतात. ते जळत नाही, ताण सहन करते आणि उष्णतेचे वहन कमी करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील रिचर्ड क्लिंगर यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू व रबर एकत्र दाबून सांध्यासाठी पत्रा तयार केला. हवा तसा कापता येणारा हा पत्रा जगभर रूढ झाला.

पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यात विहिरीवरील मोटेची जागा ऑईल इंजिने घेऊ लागली. येथे गॅस्केटची कसोटी अधिक कठीण होती. सिलिंडरमधील ज्वलनवायूंचे तापमान क्षणभर २००० अंशांच्या आसपास जाते. शिवाय हेड गॅस्केटला वायू, पाणी आणि तेल हे तिन्ही एकाच वेळी वेगळे ठेवावे लागतात. तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस घालून केलेले गॅस्केट या कामी उपयोगी पडले.

धुळीचा प्रश्न :

या निवडीचे मोल मात्र अन्यत्र चुकवले जात होते. इंग्लंडमधील रॉचडेल हे सोलापूरसारखेच कापड गिरण्यांचे गाव. तेथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ या कामगार स्त्रीचा १९२४ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ब्रिटनमध्ये धूळनियंत्रणाचे नियम १९३१ मध्ये झाले. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९७७ मध्ये नोंदवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांची आरोग्यनोंद किमान ४० वर्षे जतन करण्याचा आदेश दिला. या मुदतीमागे कारण आहे : धुळीचा संपर्क आणि रोगाचे निदान यांत अनेक दशकांचे अंतर असू शकते.

इंजिनात घट्ट बसलेल्या गॅस्केटपासून फारसा धोका नसतो. ते कापताना, आणि विशेषतः चिकटलेले जुने गॅस्केट कोरडेच खरवडताना, तंतू हवेत मिसळतात.

पर्याय :

अ‍ॅस्बेस्टॉसची जागा कोणत्याही एका पदार्थाने घेतली नाही. तेल व मध्यम उष्णतेसाठी अ‍ॅरामिड तंतू, वाफेच्या सांध्यांसाठी प्रसरण पावलेले ग्रॅफाइट आणि आधुनिक इंजिनांच्या हेडसाठी पोलादाचे अनेक पातळ थर, अशी कामानुसार विभागणी झाली.

निष्कर्ष :

गॅस्केटच्या पदार्थाची निवड दीर्घकाळ तापमान, दाब आणि किंमत या तीनच निकषांवर झाली. तो पदार्थ हाताळणाऱ्याचा श्वास हा चौथा निकष फार उशिरा आला. कारखान्यातील कामगाराची नोंद ठेवण्याचा आदेश तरी झाला. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पॅकिंग खरवडणाऱ्या मिस्त्रीची अशी नोंद होत नाही. निवृत्त बॉयलर कामगार, रेल्वे कारागीर आणि इंजिन दुरुस्ती करणारे मिस्त्री यांच्या मुलाखती वेळीच नोंदवून ठेवणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य ठरते.