एका कण्यातून ऐकलेले लोकगीत: मोनो तबकड्या आणि त्यांची नवी रूपे

आज भ्रमणध्वनीवर एखादी जुनी लावणी किंवा पोवाडा लावला, की आवाज दोन्ही कानांत गुळगुळीत उतरतो. मूळ तबकडीवरचा तो आवाज खरोखर असाच होता का, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही. विसाव्या शतकातील लोकसंगीताचा अभ्यास ज्या ध्वनिमुद्रणांवर उभा आहे, त्यांतील पुष्कळशी अभ्यासकाच्या हाती पुनर्प्रकाशित रूपातच येतात. साधनच बदललेले असेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्षही सरकतो.

फ्रेडरिक गेसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे केली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभर रंगणारा तमाशा तीन मिनिटांत बसवणे ही पहिली काटछाट होती आणि ती खुद्द कलावंतांनीच केली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर तोंड करून गावे लागे. कलावंताने कर्ण्यापासून किती अंतरावर बसायचे, यावरच आवाजाचा तोल ठरे. १९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि लवकरच ते भारतातही पोहोचले. आवाज तेव्हाही एकमार्गी, म्हणजे मोनोच होता.

मोनो म्हणजे उणीव, ही समजूत नंतरची. तबकडी कोठे वाजणार, हे लक्षात घेतले की चित्र बदलते. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या मध्यम लहरी इंदापूर तालुक्यातील डाळजसारख्या, पुणे-सोलापूर मार्गावरच्या गावांपर्यंत पोहोचत. जत्रेत, लग्नमांडवात, तंबूतल्या सिनेमाच्या खेळाआधी गाणे वाजे ते झाडाला किंवा खांबाला टांगलेल्या एका कर्ण्यातून. तेथे डावे-उजवे नव्हतेच. गायकाचा शब्द आणि ढोलकीची थाप गर्दीच्या गलबल्यातून वर यावी, एवढीच अपेक्षा असे आणि मोनो मुद्रणाचा तोल तिला साजेसा होता.

ही गोष्ट केवळ मराठी मुलखाची नव्हे. अमेरिकेत १९६५ मध्ये ‘बर्ड्‌स’ या वाद्यवृंदाने बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ विजेरी गिटारवर गाऊन लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड घातली. त्यांचीही एकगीती तबकडी मोनोच होती आणि मोटारीतल्या छोट्या रेडिओवर उठून दिसेल अशी घडवलेली होती. त्याच सुमारास भारतात बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर निघत होती. पाश्चात्त्य देशांनी तो आकार केव्हाच मोडीत काढला होता.

पुढे स्टीरिओचे युग आले आणि जुना माल नव्या वेष्टनात विकण्याची गरज जगभरच्या कंपन्यांना भासली. त्यातून निघाला ‘कृत्रिम स्टीरिओ’. मूळ आवाजाचा खर्ज एका बाजूस, तार स्वर दुसऱ्या बाजूस आणि मध्ये किंचित विलंब, अशी ती युक्ती. पियानोला ती कदाचित सोसत असेल. ढोलकीला सोसत नाही. डाव्या तोंडाचा घुमारा एका कानात आणि उजव्या तोंडाची टणक थाप दुसऱ्या कानात गेली, तर एकच वादक दोन ठिकाणी बसल्यासारखा भासतो. लावणीच्या ठेक्याचा जीव दोन्ही हातांच्या संवादात असतो आणि नेमका तोच तुटतो.

खरखर काढण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. लाखेच्या तबकडीत भरीसाठी दगडाची पूड असे, त्यामुळे सुईखाली सतत सळसळ येई. ही सळसळ वरच्या पट्ट्यात असते. झांज, घुंगरू आणि तुणतुण्याच्या तारेची धारही तेथेच असते. संगणकावर सळसळ पुसताना हात सैल सुटला, की घुंगरूही पुसले जातात. वर आणखी एक विपर्यास असा, की लोकांनी जी तबकडी सर्वाधिक प्रेमाने वाजवली तिचीच चाकोरी पोलादी सुयांनी सर्वाधिक झिजली. कोणाला फारशी न आवडलेली तबकडी आज कोरीकरकरीत सापडू शकते.

सर्वांत घातक चूक मात्र वेगाची. सुरुवातीच्या तबकड्या काटेकोर ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. वेग कमीअधिक असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेले गाणे ७८ ने वाजवले, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधी संपते. साथीला पेटी असल्यास तिच्या पट्टीवरून वेग ठरवता येईल, असे वाटते. पण येथेच फसगत होते. अर्धा स्वर चढला की काळी एक थेट पांढरी दोनवर जाऊन बसते आणि चुकीचा वेगही सुरेल वाटतो. ‘जुन्या गायिका फार उंच पट्टीत गात’ असे विधान करण्यापूर्वी म्हणूनच तबकडी कोणत्या वेगाने उतरवली, हे विचारले पाहिजे. फारच थोडी पुनर्प्रकाशने ते सांगतात.

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेच्या कामाचे मोल येथे कळते. तबकडीचा क्रमांक, मधल्या कोऱ्या भागात कोरलेला साच्याचा क्रमांक, लेबलाचा रंग या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींवरून मुद्रणाचा काळ ठरवता येतो. ७८ च्या रुंद चाकोरीला जाड टोकाची सुई लागते, मोनो तबकडी स्टीरिओ सुईने उतरवली तर दोन्ही बाजू एकत्र कराव्या लागतात म्हणजे खरखर आपोआप घटते, हे ज्ञानही अशा मंडळींनीच जपले आहे. व्यापारी पुनर्प्रकाशनांत एवढा सायास क्वचितच दिसतो.

आरंभीच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव उच्चारते. गौहर जानची इंग्रजी घोषणा तर प्रसिद्धच आहे. नव्या आवृत्तीत हे दोन शब्द गाण्याचा भाग नव्हेत म्हणून छाटावेत, असा मोह होतो. परंतु वेगाची शंका आली, की बोललेला आवाजच उपयोगी पडतो: तबकडी जलद फिरत असेल, तर गाणे सुरेल राहते, पण ती घोषणा घाईघाईने, चिरक्या स्वरात ऐकू येते.