तबकडीवरचा डाग

पाठचिकित्सेच्या तासाला एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटवणे नेहमीच जड जाते. लेखनिकाचा प्रमाद हा नुसता दोष नसतो, तो पुरावाही असतो. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक सापडली, तर त्यांचे मूळ एक असावे असा तर्क करता येतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि आधीचे पाठ मागे पडले. म्हणूनच राजवाड्यांना आपल्या हाती आलेल्या, त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेल्या, पोथीचे एवढे अप्रूप वाटले. ती त्यांनी 1909 मध्ये छापली.

हे सांगताना मी अलीकडे घड्याळांचा दाखला देतो. रोलेक्सचे डेटोना 16520 हे 1988 ते 2000 या काळातले घड्याळ. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर निघालेल्या काही काळ्या तबकड्यांतील छोट्या वर्तुळांच्या चंदेरी कडा पुढे तपकिरी पडत गेल्या. वरचे वार्निश आतल्या चांदीला राखू शकले नाही. उघडउघड कारखान्यातले वैगुण्य! परंतु लिलावकार ओस्वाल्दो पात्रिझी यांनी त्याकडे लक्ष वेधले, त्यांचेच नाव त्या तबकडीला चिकटले आणि निर्दोष भावंडांपेक्षा ही डागाळलेली घड्याळे महाग विकली जाऊ लागली. हे भाग्य सगळ्याच दोषांच्या वाट्याला येत नाही. डाग विशिष्ट वर्षांचा, विशिष्ट घडणीचा आणि मुख्य म्हणजे कोणी न पुसलेला असावा लागतो.

पुसण्याची कथा आपल्याकडची. एचएमटीसारख्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा मुंबईत एवढा फोफावला की संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्या शब्दातला कुत्सितपणा मला पुरता पटत नाही. कारागिरापुढे संग्राहक नव्हता. मनगटावर स्वच्छ घड्याळ हवे असलेला गिऱ्हाईक होता.

मीही असाच गिऱ्हाईक होतो. वडील मोखाड्याला शिक्षक. तिकडच्या पावसाने त्यांच्या एचएमटी ‘जनता’च्या तबकडीवर चाराच्या आकड्यापाशी पिवळा डाग पडला होता. जव्हारच्या एका दुरुस्तीवाल्याने तबकडी रंगवून आणून देतो म्हटले, मी हो म्हटले. घड्याळ लखलखीत होऊन आले. वडिलांनी ते बराच वेळ न्याहाळले, म्हणाले, “अक्षर बदललंय रे.”

घड्याळ आजही चालते. ‘जनता’तला ‘ज’ कोणाच्या हातचा, ते मात्र मला माहीत नाही.